आत्याचे कापलेले थांबे

तिचं खरं नाव कुणी विचारलं तर तिलाच क्षणभर आठवावं लागे, कारण ध्वनिमुद्रणाच्या त्या तीन खोल्यांत सगळे तिला चिमटी म्हणायचे. तिचं कामच चिमटीत मावेल एवढं असायचं. कुणी कपाळाला हात लावून म्हणायचं, "अगं, ह्या सगळ्या फाइलींची नावं बदलायचीत, दिवस जाणार माझा," की चिमटी खुर्ची ओढायची, संगणकावर पाच-सहा ओळींची स्क्रिप्ट लिहायची, आणि त्या माणसाचा चहा निवायच्या आत नावं बदललेली असायची. तिची एक स्क्रिप्ट नावांमधल्या नको त्या मोकळ्या जागा काढून टाकायची. एक, एखादं पान दोनदा वाचलं गेलं असेल तर ते हुडकायची. एक, कुठे बारीक कुठे मोठा झालेला आवाज सारखा करायची. एक तर इतकी लहान होती की फक्त आजची तारीख फाइलीच्या नावापुढे चिकटवायची, आणि चिमटीचा सगळ्यात जास्त जीव तिच्यावरच होता. मोठाले प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचा तिला कधी हेवा वाटला नाही. मुंगी मारायला तोफ कशाला, असं ती म्हणायची, आणि तिचं बरोबरच होतं.

त्या खोल्यांत पुस्तकं मोठ्याने वाचून मुद्रित करत. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी. वाचणारे बरेच होते. कुणी गळा काढून वाचायचं, कुणी बातम्या दिल्यासारखं. पण लोक जिच्या पुस्तकाची वाट बघायचे अशी वाचणारी एकच, ती म्हणजे चिमटीची सख्खी आत्या. घरी आत्याच्या तोंडाचा पट्टा सकाळपासून चालू. दूधवाल्यापासून देवापर्यंत कुणाची सुटका नाही. तीच बाई काचेच्या खोलीत जाऊन बसली की मात्र गप्प कुठे बसायचं हे तिला बरोब्बर कळायचं. लहानपणी चिमटीला ताप आला की आत्या उशाशी बसून वाचायची, आणि गोष्टीत कुणी दार उघडणार असेल तर त्याच्या आधी अशी थांबायची, की चिमटी तापातही उठून बसायची.

सध्या आत्या एक जाडजूड कादंबरी वाचत होती, दीपगृहावर राहणाऱ्या कुटुंबाची. शेवटचं प्रकरण तेवढं उरलं होतं.

आणि इथे साहेबांचं डोकं चाललं. साहेब म्हणजे तिथले संचालक. माणूस मनाने चांगला, पण त्यांना मिनिटांचा सोस. पाठीमागे सगळे त्यांना मिनिटसाहेब म्हणत. एका बैठकीत कुणीतरी सहज म्हणालं, की पुस्तकं फार लांबतात बुवा. साहेबांनी ते जे मनाला लावून घेतलं, ते दुसऱ्या दिवशी सकाळी चिमटीच्या पाठीशी येऊन उभे राहिले.

"चिमटीबाई, वाचनातली ही रिकामी जागा काढता येईल का हो? शब्द तसेच राहू देत. फक्त मधली शांतता."

"येईल की," चिमटी म्हणाली.

एवढंसं काम! तिची बोटं शिवशिवली. आवाज ठरावीक पातळीच्या खाली गेला आणि अर्धा सेकंद तिथेच राहिला, की कात्री. आवाजाचे तुकडे एका बाजूला, शांततेचे दुसऱ्या बाजूला, मग आवाजाचे तुकडे ओळीने जोडून टाकायचे. एकूण किती वेळ वाचला हे साहेबांना पाहायचं होतं. म्हणून शांततेचे तुकडे तिने सगळ्यात लांब सगळ्यात आधी असे लावले आणि त्याच क्रमाने त्यांना नवी नावं दिली. आधी स्क्रिप्ट चालवली ती साहेबांच्याच स्वागताच्या भाषणावर. साहेबांच्या दोन शब्दांच्या मध्ये माणूस पाणी पिऊन परत यायचा, अशी त्यांची बोलण्याची तऱ्हा. स्क्रिप्टमधून बाहेर आलेले साहेब मात्र असे खडखडीत बोलत होते, की ते स्वतःच म्हणाले, "हा मीच का?"

एरवी चिमटी मूळ फाइलीला बोट लावायच्या आधी तिची प्रत काढायची. हा तिचा नेम होता. पण साहेब मागे उभे, "झालं का, झालं का" चाललेलं, आणि आपली स्क्रिप्ट पहिल्याच फटक्यात चालली की भल्याभल्यांच्या कानात वारं शिरतं. तिच्याही शिरलं. तोवर वाचून झालेली अख्खी कादंबरी तिने कात्रीखाली घातली. जुन्या फाइलींच्या जागी नव्या बसल्या, आणि साहेब वाचलेल्या मिनिटांचा आकडा मोठ्याने वाचत आपल्या खोलीत गेले.

कुठलंही पुस्तक बाहेर जायच्या आधी ते मुद्रित होईल तसं एका आजोबांकडे ऐकायला जाई. त्यांना दिसत नसे, पण कान असे, की वाचणाऱ्याने चष्मा बदलला तरी त्यांना कळावं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आत्या तेव्हा कोपऱ्यात कोमट पाणी पीत शेवटच्या प्रकरणासाठी घसा तयार करत होती. कौतुक सगळ्यांनी ऐकावं म्हणून साहेबांनी फोन मोठ्याने लावला.

"बाईंच्या मागे कुत्रं लागलंय का हो?" आजोबा म्हणाले.

"म्हणजे?"

"अहो, बुडाला समजून ज्याचा सगळ्यांनी निरोप घेतला, तो पोरगा दारात उभा आहे. आई दार उघडते. आणि लागलीच 'पाय पुसून ये' म्हणते? तिला त्याच्याकडे बघू तरी द्या! मला तरी बघू द्या!"

साहेबांनी फोन बंद करायला बटण शोधलं, पण ते काही वेळेवर सापडलं नाही. आत्याने पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "लावा बघू मला ते."

लावलं. आत्या ऐकत राहिली. तिचाच आवाज, तिचेच शब्द, पण सगळे एकमेकांच्या टाचांवर पाय देत पळत सुटलेले. वादळ आलं, दिवा विझला, कुणी मेलं, कुणी हसलं, श्वास म्हणून कुठे नाही.

"कुणी केलं हे?"

चिमटीने शाळेत करतात तसा हात वर केला.

"तू?" आत्या म्हणाली. एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. मग तिने पिशवी खांद्याला लावली. "शब्द काय, कुणीही वाचेल, साहेब. थांबणं तेवढं माझं होतं. शेवटचं प्रकरण दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या."

दार लागल्याचा आवाजसुद्धा आला नाही, इतक्या हळू तिने ते लावलं. आत्या आता परत वाचायची नाही, आणि ते आपल्यामुळे, हे चिमटीला स्वच्छ दिसलं.

ती धावली जपणुकीच्या डिस्ककडे. तिचीच एक स्क्रिप्ट रोज दुपारी सगळ्या फाइलींची प्रत तिथे उतरवून ठेवायची, जुन्याच्या जागी नवं. काल दुपारीही तिने इमानाने काम केलं होतं, आणि आत्याच्या मूळ वाचनावर कापलेलं वाचन नेऊन बसवलं होतं. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि कुंपण चिमटीनेच घातलं होतं.

मग तिला आठवलं. स्क्रिप्टच्या शेवटी एक ओळ होती, की मधले सगळे तुकडे पुसून टाक. ती ओळ तिने तपासणीपुरती बंद ठेवली होती. पुन्हा चालू करायला ती विसरली होती! तिने फोल्डर उघडला. आवाजाचे तुकडे होते, ओळीने. शांततेचे तुकडेही होते, एकूण एक, फक्त लांबीप्रमाणे लावलेले. कुठली शांतता कुठल्या शब्दानंतरची, ह्याचा पत्ता नाही. तरी ती खुर्चीतल्या खुर्चीत उडाली. एका विसराळूपणाने घात केला होता, दुसऱ्याने हात दिला होता.

साहेब एव्हाना पडल्या चेहऱ्याने येऊन बसले होते. "चूक माझीच आहे," ते म्हणाले, आणि हे त्यांनी मनापासून म्हटलं. "असं करा ना, सगळीकडे एकेक सेकंद घालून टाका."

तिने तेही करून पाहिलं. आत्या स्टेशनवरची घोषणा करत असल्यासारखी वाटायला लागली. साहेबांनीच कानाला हात लावला.

मग चिमटीने नवी स्क्रिप्ट लिहिली. कापड फाटलं की दोन्ही कडांचे धागे बघून जोड जुळवतात, तसं तिने प्रत्येक शांततेचं टोक आणि प्रत्येक शब्दाचं टोक जुळवून बघायला लावलं. बारीकसारीक थांबे भराभर आपापल्या घरी गेले. पण मोठे थांबे जाईनात. मोठ्या थांब्याची टोकं अशी सपाट, की तो पंचवीस ठिकाणी बसायचा. आणि पुस्तकाचा जीव तर त्यांच्यातच होता. तिने हताश होऊन एकेक लावून ऐकला. काहीच ऐकू येईना. आवाज चढवला. तेव्हा मात्र कुठे श्वास, कुठे खुर्चीची कुरकुर, कुठे पेला टेकल्याचा बारीक आवाज. हे ज्याचं त्यालाच ओळखू येणार होतं.

आत्या फोन उचलत नव्हती. म्हणून चिमटी लॅपटॉप काखेत मारून भर दुपारी तिच्या दारात जाऊन उभी राहिली. आत्याने दार उघडलं. तिच्याकडे बघितलं. काही बोलली नाही, हलली नाही. चिमटीला वाटलं, आता दार तोंडावर बसतंय.

"आत ये," आत्या म्हणाली. "माश्या येतात."

आत येऊ दिलं म्हणजे राग गेला असं मुळीच नव्हतं. आत्या आपल्या चादरींच्या घड्या घालत बसली, पाठ करून. चिमटीने लॅपटॉप जमिनीवर ठेवला, आवाज पूर्ण चढवला, आणि एकामागून एक थांबे लावायला लागली.

"काय लावलंयस?" बऱ्याच वेळाने आत्या पाठमोरीच म्हणाली.

"काही नाही."

"मग ते काही नाही बंद कर. खरखरतंय."

चिमटीने पुढचा तुकडा लावला. एक लांब श्वास, मग खुर्ची किंचित कुरकुरली. आत्याचे चादरीवरचे हात थांबले.

"हा वादळाच्या रात्रीचा," ती म्हणाली. "म्हातारा जिना चढत असतो तिथला. मी पुढे वाकले होते."

"काय?"

"काय काय? माझा श्वास मला कळायचा नाही? तुझी शिंक तुझ्या आईला भिंतीपलीकडून कळते ना, तसंच."

चिमटीने तो तुकडा म्हाताऱ्याच्या जिन्याशी नेऊन लावला आणि ऐकवला. म्हातारा एक पायरी चढला, थांबला, आणि पुढची चढला. दोघीही हसल्या. मग आत्याला आठवलं की आपण रागावलोय, आणि तिने तोंड पुन्हा लांब केलं. पण चादरी मात्र बाजूला सरल्या.

त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस त्या दोघींनी जी मजा केली, तिला तोड नाही. आत्या डोळे मिटून ऐकायची आणि हुकूम सोडायची. "हा पाणी प्यायले तो. हा लग्नाच्या बोलणीतला, मुलगी हो म्हणायच्या आधीचा. ह्यात बाहेर हॉर्न वाजलाय, म्हणजे तो सुरुवातीच्या प्रकरणांतला, ती मी सकाळी वाचली होती." प्रत्येक वेळी बरोबर निघायचीच असं नाही. एकदा तिने छातीठोकपणे एक थांबा मासेमारीच्या प्रसंगात बसवायला लावला, आणि टोकं काही केल्या जुळेनात. "तुझ्या यंत्राला काय कळतंय!" म्हणाली. पुन्हा ऐकलं, आणि हळूच म्हणाली, "बरं, भांडणातला असेल." तो भांडणातलाच होता.

एका फार लांब थांब्याला दोघींनी सगळीकडे फिरवून आणला. तो कुठेच राहीना. शेवटी आत्याने कान लॅपटॉपला लावला, आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. "अगं, हा थांबा नव्हे. मला डुलकी लागली होती!"

"मी तेव्हा काचेपलीकडे होते, आत्या. मला वाटलं, काय ही बाई थांबते!"

"मग? झोपसुद्धा अशी घ्यावी की समोरच्याने टाळी वाजवावी."

तो तुकडा चिमटीने पुसला नाही. स्वतःसाठी ठेवून दिला. आत्या शेजारी बसून स्क्रिप्टकडेही बघायला शिकली होती. "हे इतकंसं? ह्या चार ओळींनी हे होतं?" ती पुन्हा पुन्हा विचारायची, आणि मग तिला दर तासाला नवी हवी असायची. साहेबांचा फोन आला की घंटीऐवजी कोंबडा आरवेल अशी एक कर म्हणाली. चिमटीने ती हसत हसत केलीसुद्धा.

"परत येशील ना वाचायला?" चिमटीने मध्येच विचारलं.

"ते वेगळं," आत्या म्हणाली. "हे मी माझं सामान परत घ्यायला बसलेय."

चिमटी मान खाली घालून पुढचा तुकडा लावत राहिली.

शेवटी एकच जागा उरली आणि एकच थांबा. दाराशी आई, बाहेर मुलगा. चिमटीने तो तिथे ठेवला. टोकं चपखल बसली. आजोबांच्या घरापर्यंत धावत जाऊन ऐकवावं असं तिला वाटलं. तिने आत्याकडे बघितलं, तर आत्याचा चेहरा उतरलेला.

"पुन्हा लाव."

लावला. मोठा सुंदर थांबा. आणि त्याच्या मधोमध, अगदी बारीक, कागदाची सळसळ.

"मी पान उलटत होते," आत्या म्हणाली.

"असू दे की. कुणाला ऐकू येत नाही ते."

"अगं, पण मी त्या बाईसाठी थांबलेच नव्हते! दार खालच्या ओळीत उघडलं, आणि 'पाय पुसून ये' पुढच्या पानावर होतं. एवढा तोरा मिरवला मी साहेबांपुढे, थांबणं माझं म्हणून. ते तर छापणाऱ्याचं होतं!" ती आधी हसली, मग उठून पिशवी शोधायला लागली. "हे असं लोकांच्या कानी जाऊ द्यायचं नाही. चल."

"कुठे?"

"कुठे काय? वाचायला. त्या दिवशी तू दारात येऊन उभी राहिलीस ना, तेव्हा कळलं मला त्या बाईला काय होतं ते. माझ्या तोंडून शब्द फुटेना, आणि फुटला तो माश्यांचा. माझी पोर आली म्हणून मला इतका आनंद झाला होता, चिमटे."

चिमटीला रडू आलं, पण आत्या तोपर्यंत जिना उतरायला लागली होती.

साहेबांनी आत्याला येताना पाहिलं आणि खुर्ची इतक्या घाईने सरकवली की ती पडली. त्यांनी काही म्हणायच्या आत आत्या काचेच्या खोलीत जाऊन बसलीही. पान उलटावं लागू नये म्हणून तिने दोन्ही पानं सुटी करून समोर मांडली. चिमटीने मुद्रण चालू केलं. आत्याने बोट वर करून खूण केली आणि वाचायला सुरुवात केली. वारा, पावलं, कडीचा आवाज. आईने दार उघडलं.

आत्या थांबली.

पडद्यावरची आवाजाची रेघ सपाट झाली. अर्धा सेकंद झाला, एक झाला, पुढेही गेला. अशी रेघ दिसली की इथे काही नाही समज, असं चिमटीने स्वतःच्या हाताने यंत्राला शिकवलं होतं, आणि आता त्याच रेघेवरून तिला डोळे काढता येईनात. काचेपलीकडे आत्या पानाकडे बघतच नव्हती. ती दाराकडे बघत असल्यासारखी बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू येतंय की रडू हे तिचं तिलाही ठरवता येत नव्हतं. साहेब अस्वस्थ झाले. बाई विसरल्या की काय म्हणून त्यांनी काचेवर टकटक करायला हात उचलला. चिमटीने त्यांचं मनगट धरलं. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग आत पाहिलं, आणि हात तसाच तिच्या हातात राहू दिला.

मग आत्याने ते तीन शब्द वाचले, जेमतेम ऐकू येतील असे, पोरावर थोडंसं डाफरून.

चिमटीच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती तोंड भरून हसत होती. साहेब खिशात रुमाल शोधत होते. आत्याचं दोघांकडेही लक्ष नव्हतं. ती पुढचं वाचायला लागली होती, आणि पोरगा पाय पुसून आत आला होता.